ताणावर सोडलेली बाग

संत्र्याला बहर हवा असेल तर झाडाला आधी तहानलेलं ठेवावं लागतं. आमच्या वऱ्हाडात याला ताण देणं म्हणतात. हिवाळ्यात महिना-सव्वा महिना बागेचं पाणी तोडायचं आणि पानं मलूल होऊन गळू लागली की सोडायचं. मग झाड भरभरून फुलतं. पाणी वेळेवर आलं नाही तर मात्र ते वाळून जातं.

माझ्या धाकट्या बहिणीची बाग अमरावतीपासून तासाभरावर, कालव्याच्या काठी. मी कालव्याच्या कचेरीत कारकून. त्यामुळे ताण देण्याआधी दरवर्षी तिचा फोन यायचा.

“दादा, कालव्याले पानी कधी येईन?”

त्या वर्षीही मी तोऱ्यात तारीख सांगितली. वर म्हणालो, “दे बिनधास्त ताण. मी आहो ना इथं.”

त्याच आठवड्यात कचेरीत एक पत्र आलं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या नव्या कारखान्यांना आणि वाढत्या शहराला धरणातून जास्तीचं पाणी हवं होतं. त्यावर आवक शिक्का मीच मारला. अशी पत्रं येतच असतात, साहेब लोक थोडी काटछाट करतात, कालवा सुटतोच, असं मी नंतर स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तेव्हा मी काहीच विचार केला नाही. वाचलं, शिक्का मारला आणि चहाला गेलो.

पाणी सुटायला चार दिवस राहिले असताना हुकूम आला. यंदा शेतीला पाणी नाही. तो कागद फलकावर चिकटवला सकाळी, पण बहिणीला फोन करायची हिंमत संध्याकाळी झाली. तिच्या विहिरीत जेमतेम गुरांपुरतं पाणी होतं. तरी नवरा-बायकोनं घागरींनी झाडं ओली केली. चारशे झाडांना घागरी किती पुरणार?

मी गेलो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. निघालो त्या सकाळी आमच्या कॉलनीत नळ आला होता, त्याच धरणाचा. कुणाची तरी टाकी भरून रस्त्यावर वाहत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी आंघोळ करूनच निघालो.

बागेत फांदी वाकवली की कटकन मोडायची. तिचा नवरा झाडं तोडत होता. बहीण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली होती. मी शेजारी बसलो आणि मला रडू आवरेना.

“दादा, खरं सांगजो. तुले आधी मालूम होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

तिनं लगेच विश्वास ठेवला. पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग तू काहून रडून राहिला? तुही काय चूक?”