नानांच्या पंपाचा खटका

मुंबईहून आलेल्या साहेबांनी हात धुवायला नळ सोडला. नळ खोकला, फुसफुसला आणि गप्प झाला.

"पाणी कुठंय?"

"सकाळपर्यंत होतं, सर," मी म्हणालो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साक्रीकडच्या एका सरकारी ग्रामीण रुग्णालयात मी फार्मासिस्ट होतो. गावाच्या भाषेत कंपाउंडर. आमचा दवाखाना एका कंपनीला 'व्यवस्थापनासाठी' द्यायचं सरकारच्या मनात आलं होतं. इमारत अशी भक्कम, की कावळा बसला तरी पोपडा पडायचा. एक्स-रे मशीनमध्ये कबुतरांच्या सात पिढ्या नांदल्या. तरी कंपनीला दवाखाना हवाच होता. इतकं प्रेम आमच्यावर खुद्द आरोग्य खात्यानेही कधी केलं नव्हतं.

साहेबांबरोबर कंपनीचा टायवाला होता. करार साहेबांच्या बॅगेत. बॅग छातीशी अशी धरलेली, की आमच्या सिस्टरला वाटलं, बाळाला डोस पाजायला आणलंय.

"सर, केसपेपर फुकटच राहील ना? आणि औषधं?" मी विचारलं.

"करार गोपनीय आहे. वरच्या पातळीवर, परदेशी बोलणी झालीत."

"म्हणजे इथल्या जुलाबाचं परदेशात ठरणार?"

"तुम्ही तुमच्या गोळ्या मोजा."

आता पाण्याचं. सरकारी बोअर केव्हाच आटलं होतं. पाणी यायचं शेजारच्या नानांच्या विहिरीवरून, पाइपाने. भाडं नाही, कागद नाही. गावाला औषध फुकट, दवाखान्याला पाणी फुकट, एवढंच तोंडी ठरलेलं. असलं काही साहेबांच्या फायलीत कुठून येणार? त्या सकाळी मी नानांकडे चहाला गेलो होतो. कान वगैरे भरले नाहीत. आज कोण येणार ते फक्त सांगितलं. तब्येतीत सांगितलं. तेवढ्यात सिस्टरने वॉर्डातले माठ आणि बाळंतपणाच्या खोलीतली टाकी काठोकाठ भरून घेतली, हा निव्वळ योगायोग.

साहेबांनी नानांना बोलावणं धाडलं. नाना आले, आणि मागोमाग अख्खा आठवडी बाजार आला. भाजीवाल्या पाट्यांसकट, बकरीवाले बकऱ्यांसकट.

"नाना, पाणी का बंद केलं?"

"पानी बक्कळ शे, साहेब. पहिले तो कागद बठ्ठास्ले वाची दखाडा. मनी सून आठेच बाळंत व्हनार शे. तिले पैसा लागतीन का नही?"

"सगळ्यांना वाचून दाखवायचं? ते गोपनीय आहे."

"मंग मना पंपना खटका बी गोपनीय शे."

बाजार असा हसला, की धुळ्याच्या स्टँडवर एसटीच्या काचा हलल्या असतील. साहेब तापले. "पोलीस बोलावू का?"

"बलावा ना. त्यास्लेबी तहान लागस."

टायवाला घाबरला. "सर, तुम्ही तर करारात आम्हाला चोवीस तास पाणी दिलंय!"

"हळू बोला!"

पण एका भाजीवाल्या अक्कांनी ऐकलंच. "आनखी काय काय दिधं, साहेब?"

बॅग उघडली नाही. चहाही झाला नाही. चहालाही पाणी लागतं. जीप सुटली. पुढे 'जागा अयोग्य' असा शेरा आला. नानांची सून आमच्याकडेच बाळंत झाली, दमडी लागली नाही. पोरगं असं रडलं, की थेट नंदुरबारला ऐकू गेलं.

तेव्हापासून माझं मत आहे, की दवाखान्यातलं सगळंच सरकारच्या हातात देऊ नये. एखादा खटका गावाकडे असावा.

कंपनीने मग दुसऱ्या तालुक्यातला दवाखाना घेतला. तिथे सरकारी नळाला धो धो पाणी होतं, गावात कुणाला विचारायची गरजच पडली नाही. करारात काय लिहिलंय, ते तिथल्या लोकांना केसपेपरच्या खिडकीवर कळलं.