बाईंची मिश्री

आठवीच्या चाळीस मुलींना घेऊन मी गडहिंग्लजहून कोल्हापूरला निघाले, ती मोठ्या तोऱ्यात. तिथल्या एका मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयात बरण्यांमधून माणसांचे रोगट अवयव ठेवलेत. तंबाखूने काय होतं ते मुलींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, हा बेत माझाच. माझ्या पर्समध्ये मिश्रीची डबी होती, ही गोष्ट वेगळी. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, पण आम्ही बायका तिला तंबाखू म्हणत नाही. आम्ही नुसते दात घासतो. दिवसातून पाचदा.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बरणीतला एक जबडा दाखवला. गालाला आरपार भोक. "घरात तंबाखू कोण खातं?" त्यांनी विचारलं. मुलींनी बाप, आजोबा, चुलते, कुणालाच सोडलं नाही. पुरुषांची अशी बिनपाण्याने होताना बघून मला फार बरं वाटलं.

"आणि मिश्री कोण लावतं?"

मी छताकडे बघू लागले. आई, आजी, काकी असं सुरू झालं आणि पुढची एक शहाणी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या बाईबी लावत्यात की!"

चाळीस माना वळल्या. "अगं, ती तंबाखू नव्हे, मिश्री आहे," असं मी बोलून गेले. मी विज्ञान शिकवते, हे इथं सांगायला हवं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मॅडम, आ करा बघू."

मुली बरण्या सोडून माझ्याभोवती गोळा झाल्या. टॉर्चच्या उजेडात गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. "आजपासून बंद करा आणि सोमवारी तपासायला या," त्या म्हणाल्या. आता हसत नव्हत्या. मी डबी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकेकीला बघून घ्यावंसं वाटलं.

परतीच्या एस.टी.त त्या शहाणीला मुद्दाम शेजारी बसवलं. कागल आल्यावर म्हटलं, "चारचौघांत माझी अब्रू काढलीस. काय मिळालं गं तुला?"

ती रडायलाच लागली. "बाई, माझ्या आईच्या गालातबी तसलाच डाग हाय. सोड म्हटलं की म्हणती, तुझ्या बाई एवढ्या शिकलेल्या, त्याबी लावत्यात की."

गडहिंग्लजला उतरून मी तडक तिच्या घरी गेले. तिची आई "या बाई, बसा" म्हणाली. मी बसले नाही. दारातच उभी राहून तिच्यापुढे आ केला.