सगुणाच्या खाडीतली ओहोटी

चेंदणी कोळीवाड्यातली सगुणा नौपाड्याच्या कंप्युटर क्लासात लागली ती हजेरी घ्यायला. सकाळी कुलूप काढायचं, मशीनवरच्या कापडांच्या घड्या घालायच्या, मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या, एवढंच काम. दोन वर्षांत ती त्याच मुलांना डॉस, म्हणजे कंप्युटरला द्यायचे हुकूम, शिकवायला लागली. तिला कोणी शिकवलं? कोणी नाही. वर्ग चालू असताना ती मागे उभी राहायची आणि संध्याकाळी मॅन्युअल पिशवीत घालून घरी न्यायची. ‘कोळ्याची पोरगी आणि कंप्युटर?’ असं म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. हसोत बापडे. त्यांचीच मुलं तिच्यासमोर वही उघडून बसत होती.

सत्त्याण्णव साल होतं ते. सगुणा चोवीस वर्षांची, आणि एकाच गोष्टीने हैराण झालेली: तिचा बाप बोलत नव्हता.

म्हणजे मुका नव्हता भिवाजी. डाळीत मीठ कमी पडलं तर ऐकवायचा. पण वरच्या कारखान्यांनी पाणी काळं केलं, मासा गेला, आणि ब्याण्णव साली त्याने होडी विकली. तेव्हापासून खाडीबद्दल चकार शब्द नाही. एका नव्या सोसायटीच्या गेटवर खाकी शर्ट घालून बसायचा आणि घरी आला की ओट्यावर, खाडीकडे पाठ करून. कोणी विषय काढलाच तर चपला घालून चालता व्हायचा.

लहानपणी सगुणा होडीत त्याच्या पुढ्यात बसायची. प्रत्येक खडकाला, वळणाला, चिखलाच्या पट्टीला तो नावाने हाक मारायचा. चाळीस-पन्नास तरी नावं असतील. एकदा तिने ती वहीत लिहायला घेतली, तर सात आठवली. बाकीची बापाच्या पोटात. तो असाच गप्प राहिला तर त्याच्याबरोबरच जाणार होती ती.

मासिकाबरोबर फुकट आलेल्या एका सीडीवर तिला गेम बनवायचा प्रोग्राम सापडला. परदेशातल्या कोणा हौशी माणसाने लिहिलेला. छोटे छोटे चौकोन जुळवून नकाशा मांडायचा आणि त्यात आपला माणूस हलवायचा. सगुणाने माणसाच्या जागी होडी केली आणि नकाशाच्या जागी खाडी मांडली. आठवलेली सातही नावं टाकली. पाणी हळूहळू उतरेल अशी ओहोटी, बापाच्या भाषेत सुकती, तीसुद्धा घातली. भिवाजीच्या मुलीच्या खाडीला ओहोटी नाही, हे कसं चालेल?

आणि मग तिला ती कॅसेट आठवली. भावाच्या लग्नाची. हळदीचा नाच संपल्यावर व्हिडिओवाल्याने उरलेल्या टेपवर, होडीत उभं राहून पाग फेकणारा भिवाजी टिपला होता. हाताच्या एका झोक्यात ते गोल जाळं हवेत फुलतं आणि पाण्यावर पडतं. चाळीस सेकंद. होडीवरचा भिवाजी जगात एवढाच उरला होता. डोंबिवलीच्या एका दुकानात तिने त्या तुकड्याची कंप्युटरवर चालणारी फाइल करून घेतली. होडी बगळ्यांच्या भाटीजवळ, म्हणजे ओहोटीला उघडी पडणाऱ्या त्या लांब चिखलाजवळ पोचली की हा व्हिडिओ दिसायला हवा. तो बघून तरी बाप तोंड उघडेल.

पण त्या हौशी माणसाच्या प्रोग्रामला व्हिडिओ दाखवणंच माहीत नव्हतं. एक सोय मात्र होती: गेम चालू असताना दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारता यायची. सगुणाने व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामला हाक मारली. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, मेमरी पुरत नाही. पुन्हा करून बघितलं, तर मशीनच थिजलं.

“अगं, नवीन मशीन येतील पुढच्या वर्षी,” क्लासच्या शीलामॅडम म्हणाल्या. “मेमरीच्या एवढ्याशा जागेत दोन्ही प्रोग्राम कसे मावणार? तोवर थांब की.”

“मॅडम, दहा बाय दहाच्या खोलीत आमच्याकडे लग्न झालं,” सगुणा फणकारली. “पाहुणे जेवायला बसले की आम्ही घरातले सगळे ओट्यावर. ते उठले की आम्ही आत. जागा कोणी वाढवून दिली नव्हती.”

एवढं बोलली आणि तिला स्वतःच्याच बोलण्यात वाट सापडली. ती मॅडमकडे पाठ करून मशीनकडे वळली.

घरातल्यांनी बाहेर जायचं. गेमने होडीची जागा आणि टोपलीतले मासे एका चिठ्ठीत लिहून ती डिस्कवर ठेवायची आणि स्वतः पुरतं बंद व्हायचं. मग व्हिडिओवाल्या प्रोग्रामने यायचं, आपलं काम करून जायचं. मग गेमने परत उठायचं, चिठ्ठी वाचायची आणि होडी होती तिथे ठेवायची. सगळ्यांना एकामागून एक हाका मारायला एक बॅच फाइल, पाच ओळींची. बघणाऱ्याला वाटावं, पडद्याने डोळा मिटला आणि उघडला.

नारळी पौर्णिमेला दुपारी, नारळ सोडून माणसं परतल्यावर, सगुणाने जमातीच्या हॉलमध्ये मशीन मांडलं. शीलामॅडमनी ते रिक्षातून न्यायला दिलं होतं, ‘ओरखडा दिसला तर परत क्लासात येऊ नकोस’ असं बजावून.

“सगुणे, यात बोंबील गावतात का गो?” मासळीबाजारातल्या रंगूबाईने पुढची जागा धरत विचारलं.

“गावतात मावशी. वास तेवढा नाय येत.”

“मग कसले मेले ते बोंबील!”

हॉल हसला. भिवाजी दारातच उभा होता, खाकी शर्टात. ड्यूटीवर निघालेला, बायकोने ओढून आणलेला.

होडी हाकायला सगुणाने गोमाजीकाकाला बसवलं. गोमाजी भिवाजीचा जुना जोडीदार, सत्तरीचा. त्याने एका बोटाने होडी चालवली आणि घाई म्हणून केली नाही. या खडकाला वळसा घाल, त्या वळणात डोकाव. पडद्यावरचं पाणी उतरत गेलं, चिखल उघडा पडला. अखेर होडी अरुंद पाण्यातून बगळ्यांच्या भाटीला लागली. पडदा काळा झाला.

चित्र हाताच्या तळव्याएवढंच, पण भिवाजी दिसला. काळे केस, कमरेला रुमाल. जाळं फुललं. मागची माणसं पडद्याकडे सरकली.

सगुणाने दाराकडे बघितलं. भिवाजीने मान फिरवली होती. तो वाकून चप्पल पायात घालत होता.

गेलं, तिला वाटलं. सगळं गेलं.

चित्र संपलं, गेम परतला. आणि गोमाजी किंचाळला, “आयला, भाटी कुठं गेली?”

पडद्यावर जिकडेतिकडे पाणी. काठोकाठ भरती.

“आत्ता तर उघडी होती!”

“चिखलावर होडी चालवतोस का रे गोमाजी?”

“मी नाय, हिच्या मशीनने केलंन!”

एकच गिल्ला झाला. कंत्राटदारांनी खऱ्या भाट्यांवर डबर टाकलं तेव्हा यातलं कोणी एवढं ओरडलं नव्हतं. सगुणाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिठ्ठीत होडी लिहिली, मासे लिहिले, ओहोटी लिहिलीच नाही! गेम उठला की भरतीपासूनच सुरू होत होता. क्लासात ती दरवेळी थेट भाटीवर जायची, पाणी उतरायच्या आधी. म्हणून कधी कळलंच नाही.

“गप बसा सगळे!”

भिवाजी. एक चप्पल पायात, एक दारात. तसाच माणसांतून वाट काढत मशीनपाशी आला.

“सुकती अर्धी झाली होती,” तो सगुणाला म्हणाला. “चाळीस आकडे मोजेपर्यंत भरती येते? बापासोबत बसून हेच शिकलीस?”

“चुकलं बाबा. लिहायचं राहिलं.”

“आनि ह्या खडकाला डाव्या अंगाने कोण जातं? फाटेल होडी. हा नवरीचा खडक. पलीकडे कुठाय, दीराचा? तो नाय टाकलास?”

“माहीत नव्हता मला.”

“माहीत नव्हता म्हणे!” भिवाजीने गोमाजीला खांद्याने बाजूला सारलं आणि खुर्चीत बसला. “लिही. नवरीचा, दीराचा, मग उंडणीचं वळण…”

सगुणाला कागद सापडेना. रंगूबाईने पूजेच्या हाराचा पुडा सोडून कागद पुढे केला.

त्या दिवशी सोसायटीचं गेट तासभर वाऱ्यावर होतं. दिवाळीपर्यंत सगुणाच्या खाडीत त्रेचाळीस नावं झाली. ओहोटीही चिठ्ठीत गेली. ड्यूटी नसली की भिवाजी नौपाड्यात यायचा, चपला रांगेत काढायचा आणि दुसऱ्या मशीनवर बसून तिच्या चुका काढायचा. स्वतःचा व्हिडिओ लागला की मात्र करवादायचा, “हे काय बघायचंय सारखं? आटप गो. पाणी उतरतंय.”