आयतीच्या मागचं-पुढचं

आमच्या आत्याचे यजमान स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीच्या दंगलीत गेले. कचेरीतून घरी येताना नळबाजाराजवळ कुणीतरी सुरा मारला. मारणारा कोण, कसा दिसत होता, कधीच कळलं नाही. तेव्हापासून आत्या ठाकूरद्वारला आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. ती रडत नसे, त्या विषयावर बोलतही नसे. फक्त त्या बाजूच्या रस्त्याने जायचं टाळायची. भाजीसाठी थेट भुलेश्वरपर्यंत वळसा घालायची.

मी परळच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. तिथे इतिहास शिकवणारी माझी सहकारी मूळची रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली मुसलमान. चिंचपोकळीला मामाकडे राहायची. घरात कोकणी बोलायची, वर्गात शुद्ध मराठी. वडील गावात मौलवी होते आणि त्यांनी तिला लहानपणी अरबी शिकवलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना आम्ही दोघी शाळेतून परस्पर जायचो. घोषणा देऊन तिचा घसा आधी बसायचा. मग ती मला म्हणायची, "आता तू ओरड गं, उद्या मला पहिल्याच तासाला पानिपत शिकवायचंय."

त्याच सुमारास आमच्या वाडीतल्या वाचनालयाने एक वादसभा ठेवली. विषय होता, धर्मग्रंथ माणसाला हिंसा शिकवतात का. एक वकील बोलणार होते. दुसऱ्या बाजूने कुणी मिळेना, तेव्हा मी तिचं नाव सुचवलं. चिटणिसांनी आधी डोकं खाजवलं, मग हो म्हणाले.

वकील छान बोलले. त्यांनी कुराणातली एक आयत वाचून दाखवली. मूर्तिपूजक दिसतील तिथे त्यांना मारा, अशा अर्थाची. टाळ्या पडल्या. मग ती उठली.

"वकीलसाहेबांनी वाचलं ते कुराणात आहे," ती म्हणाली. "नाही म्हटलं तर मी खोटी ठरेन. पण ते कुणाला सांगितलंय? मक्केच्या ज्या टोळ्यांनी तह केला आणि मोडला, त्यांच्याशी लढाईच्या वेळी. आधीच्याच आयतीत म्हटलंय, ज्यांनी तह पाळला त्यांच्याशी तुम्हीही पाळा. आणि लगेच पुढच्या आयतीत, त्यांच्यातला कुणी आसरा मागायला आला तर त्याला आसरा द्या आणि त्याला सुरक्षित वाटेल अशा जागी नेऊन पोचवा."

"म्हणजे सोयीचा अर्थ लावायचा," वकील बसल्या जागेवरून म्हणाले.

"गीतेत अर्जुनाला युद्ध कर म्हटलंय. तुम्ही कुठे चुलतभावांना मारत सुटता? तिथे तुम्ही मागचं-पुढचं बघता ना? तेवढंच आमच्यासाठी मागतेय." मग ती म्हणाली, "ती एकच आयत उचलून वाचणारे आमच्यातही आहेत. त्यांच्याशी मी घरात भांडते. इथे त्यांची बाजू घ्यायला आलेली नाही."

सभेत कुजबुज झाली, पण लोक ऐकत होते. मला तिचा अभिमान वाटत होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं. पाहते तर आत्या. ती आलीय हेच मला माहीत नव्हतं.

"बाई, एक विचारते," आत्या म्हणाली. "आमच्या यजमानांना ज्याने सुरा मारला, त्याने हे मागचं-पुढचं वाचलं होतं का?"

 माझी सहकारी तिच्याकडे वळली. "नसेल वाचलं," ती म्हणाली, "पण वाचलं असतं तरी..." अध्यक्षांना परिस्थिती अवघड वाटली असावी. त्यांनी घंटी वाजवली आणि आभारप्रदर्शन सुरू करून दिलं. ती गर्दीतून वाट काढत आत्याकडे जायला निघाली, पण आत्या जिना उतरून गेलीही होती.

पुढच्या रविवारी ती आमच्या घरी आली. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आम्ही दोघींनी चहा घेतला. शाळेबद्दल काहीबाही बोललो. निघताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली आणि आत न जाता म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी मी वकिलांना उत्तर देत होते. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगायला आले होते."

आतून भांड्यांचा आवाज तेवढा थांबला.

ती गेल्यावर बऱ्याच वेळाने आत्याने मला विचारलं, "ते आसऱ्याचं तिने काय सांगितलं होतं गं? पुन्हा सांग."

मी सांगितलं. आत्या पदराला हात पुसत उभी राहिली. "ह्यांनी मागितला असेल का?" ती म्हणाली. "कुणाच्या दारात?"

त्या सभेतला प्रश्न सोडला, तर नऊ-दहा वर्षांत तिच्या तोंडून मी यजमानांबद्दल ऐकलेले हे पहिलेच शब्द. मग ती विचारू लागली. तह कुठला, कुणी मोडला, लढाई कुठे झाली. मला काय माहीत? शेवटी तीच म्हणाली, "बोलाव त्या मुलीला. या वेळी मी बसेन समोर."

जानेवारीतला एक दिवस ठरला. आत्याने आदल्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या. पण त्याच संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात जाणार. सगळं शहर रस्त्यावर आलं. गिरगावात, लालबागेत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. संचारबंदी लागली, शाळा बंद झाल्या. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला कॉलेजात जाणारा मुलगा गॅलरीत उभा असताना गोळी लागून गेला. आत्या त्याच्या आईजवळ बसून राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "त्या मुलीला सांग, आता मला आणखी एक विचारायचंय. मारणाऱ्याला ग्रंथ लागतोच का?"

शाळा उघडली तेव्हा सहकारी आली नव्हती. मामांनी तिला गडबडीत गावी पाठवल्याचं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. मग राजीनामाच आला. मी चिंचपोकळीला गेले. मामांनी आदराने बसवलं, सरबत दिलं. "लग्न ठरलं तिचं," ते म्हणाले. "मुलगा आफ्रिकेत, मोंबासाला असतो. बोट लवकर होती, म्हणून सगळं घाईत झालं. तुमचं नाव काढत होती हो."

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. पण त्या दिवशी जेवली नाही.

पुढे मी एका ग्रंथालयातून कुराणाचं मराठी भाषांतर आणलं. दुपारी आत्याला वाचून दाखवू लागले. दर आयतीला ती हात वर करून थांबवायची. "हे कुणाला सांगितलंय?" "हे कधीचं?" पुस्तकात टिपा नव्हत्या. मी अंदाजाने काही सांगायला गेले की तिला कळायचं. चार-सहा दुपारी असं झाल्यावर एकदा तिने चष्मा काढून ठेवला. "राहू दे," म्हणाली, "तू दमतेस." मी पुस्तक परत करून आले.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्या गेली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका लग्नात मला माझ्या त्या सहकारिणीची मामेबहीण भेटली. माझी सहकारी मोंबासाला शाळेत शिकवते, तिचं बरं चाललंय, असं तिच्याकडून समजलं. "कधी आली की ठाकूरद्वारच्या एका बाईंची चौकशी करते," मामेबहीण म्हणाली. "सभेत त्यांना नीट उत्तर दिलं नाही म्हणून अजून हळहळते. तुम्हाला माहीत आहेत का त्या?"

मी "आहेत" म्हणाले, मग "होत्या" म्हणाले.