पक्का गोली

मुंबईच्या मैदानावर गोलकीपरला कोणी गोलकीपर म्हणत नाही. गोली म्हणतात. गोल मारला तर स्ट्रायकरला खांद्यावर घेतात, गोल खाल्ला तर गोलीच्या आईबापाचा उद्धार होतो. मधलं काही नसतं. हे माहीत असूनही मी गोली झालो, कारण मरोळच्या एका पंख्याच्या कारखान्याला गोली हवा होता आणि मला नोकरी.

ऐंशीच्या दशकात कारखान्यांच्या अशा टीम बऱ्याच होत्या. आम्ही खेळाडू कागदोपत्री टेम्पररी कामगार. सकाळी पार्ल्याच्या मैदानात सराव, दुपारी पंख्यांना पाती बसवायची. पर्सोनेलच्या साहेबांनी मला शब्द दिला होता, "टीम या डिव्हिजनमध्ये टिकव, तुला पक्का करतो." पक्का म्हणजे पर्मनंट. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. घरात पक्कं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्या शब्दावर मी मैदानात ढोपरं फोडून घेत होतो.

मोसमाच्या शेवटच्या मॅचला आमच्या स्टॉपरचा, म्हणजे गोलीसमोरच्या मधल्या बॅकचा, घोटा सुजला आणि त्याच्या जागी चेंबूरचा एक नवा गडी आला. दणकट आणि सांगितलेलं ऐकणारा. मॅच बरोबरीत होती आणि तेवढ्यावर आम्ही टिकत होतो. उजवीकडून उंच बॉल आला. माझाच होता तो, झोपेत धरला असता. मी पुढे धावलो आणि ओरडलो, "सोड!" आमच्या अंधेरीत गोली 'सोड' म्हणाला की बॅकने बाजूला व्हायचं. त्याच्या चेंबूरला 'सोड' म्हणजे बॉल पायात ठेवू नकोस, उडवून दे. त्याने इमानदारीत पाय घातला. बॉल बुटाला निसटता लागला आणि माझ्या डोक्यावरून रिकाम्या गोलात गेला.

"तूच बोललास ना सोड? मग सोडला ना यार!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. दोघंही मराठीच बोलत होतो. आजही कोणी त्या गोलाला माझी चूक म्हटलं की माझं डोकं फिरतं.

टीम खाली घसरली. साहेबांनी मुलुंडहून नवा गोली आणला. आता मला हाकलणार, असं मी धरून चाललो होतो, तर म्हणाले, "तू कोच हो. गोलीचा कोच. याला तयार कर, मग तुझं बघू." 'बघू' या शब्दावर तेव्हा अर्धी मुंबई जगत होती. टीममधले हसून लोळले. "गोलीचा कोच काय असतो रे? उद्या कॉर्नरच्या झेंड्याला पण कोच ठेवतील!" मीही हसलो, न हसून सांगतो कोणाला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. नीट शिकवलं नाही तर मी नालायक, आणि नीट शिकवलं तर माझी गरज कोणाला? हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण चुकीचं शिकवायला हात वळेना. गोदामाच्या भिंतीवर ओला बॉल आपटून मी त्याला उसळलेले बॉल धरायला लावायचो, त्याची बोटं सुजेपर्यंत. त्याआधी त्याचं 'सोड' बंद केलं. म्हटलं, "नुसतं 'माझा' म्हण. अख्ख्या मुंबईत माझा म्हणजे माझाच." तो म्हणाला, "हो सर." मला सर म्हणणारा तो आयुष्यातला पहिला माणूस. त्यामुळे त्याचा धड रागही करता येईना.

पुढच्या मोसमात टीम परत वर आली. साहेबांनी त्याला पक्का केला आणि मला आत बोलावलं. "झकास काम केलंस. गोली तयार झाला. आता तुला ठेवून काय करू, तूच सांग." खरंच काही काम उरलं नव्हतं. त्यांच्यावर ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण माणूस बरोबर बोलत होता आणि तेच मला सहन होत नव्हतं.

गेटवर तो गोली पेढे घेऊन उभा होता. "सर, हे तुमच्यामुळे." घरी न्या म्हणून दोन पेढे त्याने कागदात बांधून दिले. मी घेतले.

आईने पुडी सोडली, एक पेढा मोडून अर्धा तोंडात टाकला आणि एकदम हरखली.

"पक्को झालंस मां रे?"

"मी नाही गं. मी शिकवला तो झाला. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"मगे ह्यो पेढो कोणाचो?"

"त्याचाच."

तिने तोंडातला गिळला. हातातला अर्धा परत कागदात गुंडाळला आणि मला जेवायला वाढलं.