टॉर्बिनांचा मांडव

शेंदरखारच्या शाळेत बदली होऊन आले त्या सकाळी मी हजेरी घ्यायला बसले आणि तिसऱ्याच नावावर अडखळले. टॉर्बिन भावेश. त्याच्याखाली टॉर्बिन दीपेश, मग टॉर्बिन मनस्वी. आधीच्या गुरुजींनी नव्या बाईची फिरकी घ्यायला काहीतरी लिहून ठेवलंय, असंच मला वाटलं. पोरं मात्र सरळ चेहऱ्याने "हजर बाई" म्हणत होती. पायांना खाडीचा चिखल, खिशात मीठ लावलेली कैरी, आणि आडनाव थेट विलायतेचं!

मधल्या सुट्टीत एक आजोबा फाटकाशी येऊन उभे राहिले. अंगात बनियन, कमरेला रुमाल, आणि मिठागरात जन्म काढल्यामुळे पावलं भेगाळून पांढरी पडलेली.

"बाई, आमचा नाव वाचताना तुमी हसल्या न्हाय ना?"

"हसले नाही, घाबरले," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांना फाटक धरावं लागलं. हे दयाराम टॉर्बिन. लहानपणापासून बापाबरोबर मिठागरात फावडं ओढलेले, मिठागरं बंद पडल्यावर थोडी भातशेती करणारे, आणि वर्षाचे बाराही महिने गावाच्या बांधावर फिरणारे. आमची गट्टी जमली ती त्या दिवसापासून.

बांधाचं सांगायला हवं, नाहीतर दयारामकाका कळायचे नाहीत. आमचं गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. उधाणाला बाहेर समुद्र वर, आत भात खाली, आणि मधे फक्त मातीचा बांध. तो फुटला की त्याला इथे खांड पडली म्हणतात. खांड पडली की माणसं हातातलं सगळं टाकून धावतात, कारण पुढची भरती यायच्या आत ती बुजवली नाही तर शेत खारं होतं आणि मग कित्येक वर्षं तिथे गवतही धड उगवत नाही. खांड सुरू होते ती खेकड्याच्या बिळापासून. म्हणून दयारामकाका उधाणाच्या आधी बांधावरून चालत एकेक बीळ शोधायचे आणि टाचेने चिखल दाबून बुजवायचे. त्यांना ना कोणी हे काम सांगितलं होतं, ना कोणी त्याचा पगार देत होतं.

आडनावाची गोष्ट मला त्यांनी बांधावरच सांगितली. त्यांच्या आजोबांचे वडील मोरू. त्या काळी गावात कोणालाच आडनाव नव्हतं. माणूस आणि त्याचा बाप, एवढ्यावर भागायचं. एका पावसाळ्यात मोठी खांड पडली. मोरू चिखलाची पाटी घेऊन त्यात उतरला आणि पाण्याने ओढला गेला. मीठ खात्याचा एक तरुण इंग्रज साहेब बांधावर उभा होता. नाव एडविन टॉर्बिन. त्याने बूटसुद्धा न काढता उडी टाकली, मोरूला बांधावर ढकललं आणि स्वतः गेला. ओहोटीला तो खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांत सापडला. गावाने त्याला बांधाच्या कडेलाच पुरलं. त्याची चौकशी करत मागून कोणी आलं नाही.

मी तोंड वाकडं केलं असणार. गोऱ्या साहेबांच्या आरत्या मला सहन होत नाहीत. मी म्हटलं, "काका, याच लोकांनी तुमच्या मिठावर कर बसवला होता."

"कर घेनारा सरकार होता बाई. चिखलान उतरला तो मानूस होता."

त्यांनी टाचेने आणखी एक बीळ दाबलं आणि पुढे सांगू लागले.

साहेबाला बायको-पोर नव्हतं. पुढे सरकारी कागदावर आडनाव सांगायची वेळ आली तेव्हा मोरू म्हणाला, मी टॉर्बिन. लिहिणारा हसला म्हणे. मोरू म्हणाला, हसा, पण तेच लिहा. माझ्यासाठी जो मेला त्याचं नाव मी मरू देणार नाही. एका अडाणी मीठकऱ्याने एका परक्या घराण्याचा वंश असा एका वाक्यात स्वतःवर घेतला. मला आजही याचं नवल वाटतं, आणि ते कमी होत नाही.

आता ते नाव कुठे कुठे आहे, हा दयारामकाकांचा आवडता विषय. शेंदरखारात सात घरं. एक फांदी उरणला, दोन भाऊ पनवेलला, एकाने मुरुडला छोटं लॉज काढलंय. "एस्टीनं सकाली निंगला तर सगलं टॉर्बिन भेटून सांजचे घरी," ते छाती फुगवून सांगायचे. कुठे नवा टॉर्बिन जन्मला की काका गूळ-खोबरं घेऊन हजर. एवढासा त्यांचा मुलूख, पण त्याची खबरबात ते राजासारखी ठेवायचे.

हे सगळं संपायला आलं होतं ते त्यांच्या एकुलत्या एका मुलामुळे. मितेशचे ट्रेलर बंदरावर चालतात, माणूस कष्टाळू, बापावर जीव. पण नावाने तो जेरीस आला होता. जातीच्या दाखल्याला गेलं की पहिला प्रश्न, "ख्रिश्चन का?" मुलगी प्राप्ती हिचा नर्सिंगचा प्रवेश याच घोळात एक वर्ष लटकला होता. गावच्या क्रिकेटमध्येही तो बाद झाला की पोरं ओरडत, "साहेब, चालते व्हा!" प्राप्तीचं लग्न उरकलं की आडनाव बदलून पाटील करायचं, असं त्याने ठरवलं. त्याने बदललं की बाकीची घरंही बदलणार, हेही ठरलं होतं. वाट होती ती फक्त कोणीतरी आधी उडी मारण्याची.

"मॅडम, तुम्हीच सांगा, मी चुकतोय काय?" त्याने मला विचारलं.

नाही, म्हटलं मी, आणि मनापासून म्हटलं. मी म्हसळ्याची. छप्पन सालानंतर माझ्या आजोबांनी धर्मांतर केलं आणि मग घराचं जुनं आडनावही टाकलं. ते ऐकलं की समोरचा पुढे केलेला तांब्या मागे घ्यायचा. नाव ही अंगाला चिकटलेली कातडी नव्हे, टोचत असेल तर उतरवावी, हे मी दयारामकाकांनाही सुनावलं. मला वाटलं ते चिडतील.

"तुमचा टाकला तो बरा केला बाई," ते शांतपणे म्हणाले. "तो तुमच्यावर लादलेला. ह्यो आमी मागून घेतलेला हाय."

एवढंच बोलून ते बिळं बुजवायला गेले. पोराला त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. पण त्या उन्हाळ्यात ते बांधावर साहेबाच्या जागेपाशी जरा जास्तच वेळ बसायला लागले.

अशातच प्राप्तीच्या मोबाइलवर एक निरोप आला. इंग्लंडहून. पाठवणाऱ्या बाईचं नाव हेलन टॉर्बिन. ही निवृत्त नर्स दर हिवाळ्यात आपलं आडनाव इंटरनेटवर शोधायची, आणि दर हिवाळ्यात तिला फक्त मेलेली माणसं सापडायची. या वेळी नर्सिंग कॉलेजच्या निकालात एक जिवंत नाव सापडलं. प्राप्ती मितेश टॉर्बिन. तिने घाबरत घाबरत विचारलं होतं, तू कोण आहेस?

प्राप्तीने तिला लग्नालाच बोलावलं. वैशाखाच्या उन्हात हेलनबाई भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरल्या. सत्तरीच्या पुढच्या, टोपी घातलेल्या, उन्हाने लालबुंद झालेल्या. दयारामकाका स्वच्छ सदरा घालून जेटीवर उभे होते. दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं. मग काकांनी शहाळं पुढे केलं.

घरी आल्यावर हेलनबाईंनी सांगितलं, एडविन त्यांच्या आजोबांचा भाऊ; मग मोबाइलवर आडनावाचे नकाशे दाखवले, एका घराला एक ठिपका. त्यांचं नाव इंग्लंडमध्येही दुर्मिळच. एका नदीच्या मुखाशी दोन गावं, सगळे टॉर्बिन तिथलेच. जुन्या नकाशात तिथे ठिपक्यांची गर्दी होती. पुढच्या नकाशात ती विरळ. दोन महायुद्धांत मुलगे गेले, मुली लग्न करून दुसऱ्या नावांत गेल्या, काही घराणी नुसतीच विझली. आजच्या नकाशात एकच ठिपका होता. गेल्या वर्षी भाऊ वारला, त्या म्हणाल्या, आता हा ठिपका म्हणजे मी.

नकाशात आपलं शेंदरखार नव्हतंच. तो काढणाऱ्याच्या मनात इकडे पाहायचं आलंच नसणार.

शाळेला अजून सुट्टी लागायची होती. दुसऱ्या सकाळी मी त्यांना वर्गात घेऊन गेले आणि काही न सांगता हजेरी सुरू केली. टॉर्बिन भावेश. "हजर बाई." टॉर्बिन दीपेश. "हजर बाई." टॉर्बिन मनस्वी. टॉर्बिन कमलेश. भावेश तर पाहुणी बघून इतका ओरडला की छपरावरचं कबूतर उडालं. हेलनबाई माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या. प्रत्येक नावाला त्यांचे ओठ हलत होते. शेवटचं नाव झालं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लहान मुलीसारख्या रडल्या. ज्या नावाला मी पहिल्या दिवशी थट्टा समजले होते, ते नाव कोणीतरी जगभर शोधत होतं आणि ते माझ्या वर्गात कैरी खात बसलं होतं.

मांडवाच्या आदल्या संध्याकाळी दयारामकाकांनी आम्हाला बांधावर नेलं. मितेश, प्राप्ती, हेलनबाई आणि मी. ओहोटी होती. साहेबाच्या जागेवर एक साधा दगड आहे, अक्षर नसलेला. काका त्याच्यासमोर उभे राहिले आणि प्राप्तीला म्हणाले, "बाईंना सांग. ह्यो नाव म्हंजे ठेव होती. आमी सांभालली. आता धनी आयला, त्यानं ती घेऊन जावी. माज्या पोराला मोकला करावा."

प्राप्तीने तोंड फिरवून डोळे पुसले. मीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मितेश मान खाली घालून उभा होता. जन्मभर जे जपलं ते बाप त्याच्यासाठी सोडून देत होता, आणि तेही हात जोडून. मला दयारामकाकांचा राग आला, कौतुक वाटलं, आणि डोळेही भरून आले, सगळं एकदम.

हेलनबाईंनी वाकून त्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मी नेऊन ठेवू कुठे? माझ्यामागे घराला कुलूप लागणार आहे." थोड्या वेळाने मितेशकडे वळून म्हणाल्या, "पण तुम्हाला जड होत असेल तर माझ्यासाठी बाळगू नका. मी सगळ्यांना पाहिलं. मला पुरे आहे."

भरती चढायच्या आत आम्ही परतलो.

सकाळी मांडव उभा राहिला. इथल्या आगरी लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा. ती धवले गाऊन देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलावते. एक जरी सुटला तर तो रुसतो अशी समजूत. या घरची धवलारीण म्हणजे दयारामकाकांची थोरली बहीण, ठमीआत्या. मोरूच्या काळापासून या घराच्या प्रत्येक लग्नात पितरांबरोबर एडविन साहेबालाही बोलावणं जातं. ठमीआत्याने गायला तोंड उघडलं आणि समोर बसलेल्या हेलनबाईंना पाहून मिटलं.

"साहेबाचे आयशीचा नाव काय?" तिने विचारलं.

मी हेलनबाईंना विचारलं. अ‍ॅग्नेस, त्या म्हणाल्या. मुलाचं प्रेत कुठे पुरलं हे तिला कधी कळलंच नाही. मरेपर्यंत ती नदीच्या मुखाशी जाऊन बसायची, असं त्यांच्या घरी सांगत.

मी ते मांडवात मोठ्याने सांगितलं. ठमीआत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! इतकी वर्सं आमी पोराला एकट्याला बोलावतंव, आनी आयशीला कदी बोलावलाच न्हाय!"

बायका हळहळल्या. दयारामकाकांचा चेहरा उतरला. जणू स्वतःच्या आजीला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवलं होतं.

"आज बोलावतंव," ठमीआत्या म्हणाली आणि सावरून बसली. बोलावण्याआधी घरधन्याला विचारायची रीत आहे, कारण पितरांना घर कळायला हवं. नवरीचा बाप म्हणून मितेश पुढे आला. कालचं बोलणं गावात एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. मांडवातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"कुनाचा मांडव?" ठमीआत्याने विचारलं.

मितेशने बापाकडे पाहिलं. बाप मुद्दामच दुसरीकडे बघत होता, पोराला भीड पडू नये म्हणून. त्याने एकदा खाकरून घेतलं.

"टॉर्बिनांचा," तो म्हणाला. मग जास्त मोठ्याने, "टॉर्बिनांचा मांडव हाय, आत्ये. बोलाव तिला."

ठमीआत्याने डोळे मिटले आणि गायला लागली:

"ये गो आग्नेसबाय, खारीचे वाटेनं ये,
तुजा सोकरा हयाच हाय, मांडवान ये..."

हेलनबाई माझ्या कानाशी वाकल्या आणि विचारू लागल्या, काय गातायत, काय गातायत? प्राप्ती हळदीच्या पाटावर बसून रडत होती. म्हणून मीच सांगितलं. त्याच्या आईला बोलावतायत, म्हटलं. सांगतायत की तुझा मुलगा इथेच आहे, ये.