बोट क्रमांक दोन

चिकलठाण्यातल्या आमच्या कंपनीत मला पगार मिळतो तो चुका शोधण्याचा. दुसरे ॲप बनवतात, मी त्यात खोट काढते. आई म्हणते, हे काम तुला कुणी शिकवावं लागलंच नसेल.

त्या उन्हाळ्यात एका संस्थेचं ॲप आमच्याकडे आलं. ज्या बायकांना घरी मार बसतो त्यांनी त्यात तारीखवार लिहून ठेवायचं, वळांचे फोटो ठेवायचे, आणि बोट लावल्याशिवाय ते उघडायचं नाही. बोटाची चाचणी मी खऱ्या फोनवर केलीच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक आभासी फोन असतो आणि त्याच्या शेजारी बोटांची यादी: बोट एक, बोट दोन, असं दहापर्यंत. यादीतलं बोट निवडून बटण दाबलं, की फोनला वाटतं कुणीतरी स्पर्श केला. मी एकची नोंद केली. एकने ॲप उघडलं, दोनने उघडलं नाही. दोन्हींपुढे हिरवी खूण केली आणि चहाला उठले.

चहा करणाऱ्या मावशींचं मनगट त्या दिवशी काळंनिळं होतं. त्याआधी गाल. ॲप बाहेर आल्याबरोबर मीच ते त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं.

"कुणाला दिसणार नाय ना?" त्यांनी तीनदा विचारलं.

"तुमच्या बोटाशिवाय ब्रह्मदेवालाही दिसणार नाही," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग रोज दुपारी भांडी झाली की त्या ओट्याशी उभ्या राहून चार ओळी लिहू लागल्या.

महिन्याभराने घरी आई भाकरी थापत होती. "माझे हात पिठाचे हायेत, मामाचा फोटो आलाय का बघ." मी तिच्या फोनला अंगठा लावला, तो उघडला, आणि मामाचा फोटो बघायचा राहूनच गेला. आमच्याकडे नवा फोन आला की घरातल्या सगळ्यांची बोटं त्यात घालतात. आईच्या फोनमध्ये तिचं, बाबांचं, माझं. आपल्यात काय लपवायचंय, असं वर म्हणतात. आणि फोन ज्याने आणला, त्याचं बोट पहिलं. मावशींचा फोन त्यांच्या नवऱ्याने आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आभासी फोनमध्ये एकसोबत दोनचीही नोंद केली. ॲप बंद केलं, दोन निवडलं, बटण दाबलं. ॲप निमूट उघडलं. बोट नोंदलेलं आहे, एवढंच फोन बघतो. ते कुणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ॲपला वेगळा पासवर्ड हवा होता, आणि हे सुचायचाच मी पगार घेते. पण पडद्यावरच्या त्या फोनला सासर नव्हतं.

मी धावत चहाच्या खोलीत गेले. "मावशी, ते ॲप काढून टाकू. आत्ताच."

"काढलं ताई. परवाच आमच्या मालकांनी काढलं. आधी बसून वाचलं समदं."

"मारलं?"

"नाय. हातबी लावला नाय. वाचलं, जेवले, अन् म्हणले, ऐतवारी गावाकडं पिशोरला जायचं, दोघंच."

"तिथं कोण आहे?"

"आता कुणीच नाय. बंद घर हाय."

मी म्हटलं, जाऊ नका, माझ्याकडे राहायला या. "किती दिस?" त्यांनी विचारलं. मी मनात दिवस मोजू लागले, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मी संस्थेला फोन केला. बाईंनी स्वतः बोलायला हवं, असं तिथून सांगितलं. मावशी बोलायला तयार नव्हत्या. ॲपमधली चूक मी त्याच दिवशी वर कळवली आणि शनिवारपर्यंत ती दुरुस्तही झाली. बाकीच्या बायकांपुरती.

रविवारी मी सकाळपासून त्यांना फोन लावत होते. फोन बंद. आई दोनदा जेवायला बोलवून गेली. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

सोमवारी मावशी वेळेवर आल्या. भर मे महिन्यात त्यांनी मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घातलं होतं. कप डाव्या हाताने ठेवत होत्या. जवळ फोन नव्हता.

"मावशी, काय झालं तिथं?" मी हळूच विचारलं.

त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठं काय झालं, ताई? लिवलंय का कुठं?" असं म्हणून त्यांनी माझा चहा माझ्यापुढे ठेवला.